सहकुटुंब सहल : शायर अश्वांच्या भेटीला

वाचकहो, इंग्लंडास जाण्याचा योग आल्यास मुलांसह शायर घोड्यांचे एखादे शेत अवश्य पाहावे. या जातीचा पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे १७३ सेंटिमीटर वा अधिक उंच. वजन एक टनाच्या घरात. खुरांवर रेशमी केसांची झालर! १८७८ साली या जातीची संस्था स्थापन झाली, तेव्हा नांगर व मालाचे गाडे हेच ओढीत. पुढे ट्रॅक्टर आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात नामशेष होण्याच्या बेतास आली. आज पाहुण्यांच्या तिकिटांतून त्यांच्या दाणावैरणीस हातभार लागतो. मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात : घोड्याच्या मागे उभे राहू नये आणि खाऊ सपाट तळहातावर धरावा. तिसरीही सांगावी : काम संपले, म्हणून उपकार संपत नाहीत.