मांजर डूख धरत नाही

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की चार-आठ दिवसांत जुनी मांजर गादीवर, धान्याच्या पोत्यावर घाण करू लागते. पवनारात काय नि आणखी कुठे काय, निदान ठरलेलंच असतं : 'जळते ती. मुद्दाम करते.' उपायही ठरलेले. नाक घाणीत घासा, दोन रट्टे द्या, फिनेल ओता. एवढ्यानं भागलं नाही तर पोत्यात घालून धाम नदीपलीकडे सोडून या.

निदान चूक आहे आणि उपाय त्याहून वाईट.

सूड उगवायचा तर आपल्या मुताची आपल्याला किळस येते, हे मांजरीला कळायला हवं. तिला तर त्या वासाचा आधार वाटतो. तिचा पूर्वज आफ्रिकेतलं एकट्यानं राहणारं रानमांजर. वास हीच त्याची शीव. उभ्यानं, शेपूट थरथरवत भिंतीवर चिळकांडी मारणारी मांजर ती शीव पुन्हा आखत असते. तिथे नसबंदीचा बराच उपयोग होतो. बसून गादीवर भरपूर मुतणारीची अडचण बहुधा जागेची असते.

आणि आपल्या घरांत ती अडचण डोळ्यांसमोर असते. मांजर आजवर मागच्या सांदवाडीत, नाहीतर कुणाच्या बांधकामाच्या रेतीवर जात होती. पिल्लू बांधलं नेमकं मागच्या दाराशी! वाट बंद झाली. गादी मऊ, उकरता येते, तिथवर कुत्रा पोचत नाही. मग ती दुसरीकडे कशाला जाईल?

मार खाऊन ती थांबत नाही. लपून, पलंगाखाली करते, आणि आता कुत्र्यासोबत माणसालाही भिते. फिनेल तर घरात नकोच. त्यातली फेनॉलसारखी द्रव्यं मांजरीच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. मुरलेला वास काढायला एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते वापरावं.

राहिलं सोडून देणं. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण पवनारला कायदा कशाला सांगायचा? १९७९ च्या एप्रिलमध्ये गोहत्याबंदीसाठी विनोबांनी याच गावात उपोषण केलं. ती करुणा गोठ्यापाशीच थांबावी, असं मला मुळीच पटत नाही.

करायचं ते साधं आहे. पिल्लू पुढच्या ओसरीत बांधा. मांजरीला एक खोली द्या. घमेल्यात चार बोटं रेती, रोज उपसलेली, खाण्याच्या ताटलीपासून लांब. मांजरी दोन असतील तर घमेली तीन. चढून बसायला उंच फळी. पिल्लाच्या अंगाखालचं फडकं तिच्या खोलीत ठेवा, तिचं पोतं त्याच्याकडे. वासाची ओळख आधी, मग दाराच्या फटीतून, मग पिल्लू साखळीला असताना समोरासमोर. आठवडे लागतील, लागू द्या.

'होईल आपोआप सवय' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो : ताणानं मांजरीचं मूत्राशय जंतूंशिवायही सुजतं, मुतताना आग होते. बोक्याची तर मूत्रनलिकाच तुंबते. तो पुन्हा पुन्हा रेतीत बसतो, ओरडतो, थेंब येत नाही. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा त्याला घाणेरडा म्हणत बसू नका. हातातलं काम टाकून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. वर्ध्यात नाही जमलं तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.