उजेडाचा हिशेब घरातही हवा

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाकाठी 16 तास उजेड द्यावा, हे पोल्ट्रीवाल्याला तोंडपाठ असते. शेवंतीवर रात्री बल्ब लावले की कळी लांबते, हेही आपल्याला ठाऊक आहे. उजेड-अंधाराचा हा हिशेब घरात मात्र आपण विसरतो.

चाळिशी उलटलेल्या बायका सांगतात, "रात्री दोनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही." अंगातून वाफा निघतात, घामाने कपडे भिजतात. घरचे म्हणतात, फार विचार करतेस. पण हे मनाचे खूळ नव्हे. पाळी कायमची जाण्याआधी काही वर्षे ती मागेपुढे होऊ लागते. त्या काळात स्त्रीची संप्रेरके कमीजास्त होतात, शरीराच्या उष्णतेची घडी बिघडते आणि झोप मोडते.

झोपेशी संबंधित आणखी एक संप्रेरक म्हणजे मेलाटोनिन. 1958 साली अमेरिकेत आरॉन लर्नर यांनी ते वेगळे केले, तेही गुरांच्या मेंदूतील ग्रंथींपासून! अंधार पडला की आपल्याही मेंदूतील ही ग्रंथी शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. वयाबरोबर मेलाटोनिन घटते, आणि रात्रीच्या उजेडाने दबते. म्हणून झोपण्याआधी तासभर मोबाईल बाजूला ठेवा, मोठा दिवा मालवा. संध्याकाळनंतर चहा टाळा. सुती कपडे घाला, वारा येईल तिथे अंथरूण टाका आणि उठायची वेळ एकच ठेवा.

मेलाटोनिनच्या गोळ्या मिळतात. पण पाळी जाण्याच्या काळातील झोपेवर त्यांचा गुण किती, याचा पुरावा अजून तोकडा आहे. माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही सांगतो; तसेच तपासणीशिवाय गोळी नको. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्या. अंगावरून फार जात असेल, किंवा वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नका. या त्रासावर उपचार आहेत.

आता बंधूंसाठी. रात्रभर तळमळलेली बाई पहाटे चारला उठून धार, चूल आणि डबा उरकते, मग खुरपणीला जाते. गाय दुधाला कमी झाली तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. घरच्या लक्ष्मीला निदान विचारा तरी, रात्री झोप लागली का? आणि नसेल लागली, तर उद्याची धार तुम्ही काढा.