मुलाचं भूत चालतं, रोझीचं चालत नाही

'तलाश' ३० नोव्हेंबर २०१२ला आला तेव्हा मी चंद्रपुरात शाळेत होतो. पिक्चर बघायच्या आधीच शेवट कळला होता. ट्यूशनबाहेर सायकल लावता लावता एकाने सांगून टाकलं, "करीना भूत हाय बे." तरी गेलो. सुटल्यावर पार्किंगमध्ये सगळी पब्लिक जे बोलत होती तेच मीही बोललो. एवढा भारी चालला होता आणि शेवटी भूत काढलं. फसवलं. पैसे गेले.

ही प्रतिक्रिया आजही जशीच्या तशी ऐकू येते. ऑफिसात जेवताना हिंदी थ्रिलरचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "तलाश मस्त होता, एंडिंगने माती केली." आता मला हे वाक्य सहन होत नाही. (शेवट पुढे सांगणारच आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी ठरवावं.)

आधी समोरच्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा घेऊ. थ्रिलर हा प्रेक्षकाशी केलेला करार असतो. गुन्हा झाला, पुरावे आमच्यासमोर ठेवा, आम्ही डोकं चालवू. भूत आणलं की डोकं चालवण्यात अर्थ उरत नाही. इंजिनिअर माणसाला हे लगेच पटतं. प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये नसलेली गोष्ट उत्तरात आणली तर परीक्षक मार्क देत नाही.

पण भूत प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये होतंच. इन्स्पेक्टर सुर्जन सिंग शेखावतचा लहान मुलगा करण पाण्यात बुडून गेलेला आहे. शेजारची फ्रेनी नावाची बाई मृतांशी बोलते, आणि सुर्जनची बायको रोशनी तिच्याकडे जाऊन मुलाशी बोलू लागते. सुर्जन चिडतो, तिला ढोंगी म्हणतो. मेलेली माणसं या कथेत बोलू शकतात की नाही, हा प्रश्न रीमा कागती आणि झोया अख्तर यांनी कथेच्या मध्यभागी उघड मांडून ठेवलाय. रोझी सुर्जनशिवाय कोणाशीच बोलत नाही, हेही डोळ्यांसमोर घडत असतं. तरी आपल्याला दिसलं नाही, कारण रात्री समुद्राकाठी एकट्या उभ्या असलेल्या धंद्यावरच्या बाईशी कोणी बोलत नाही यात आपल्याला विचित्र काहीच वाटलं नाही. उलट ते नॉर्मल वाटलं. ट्विस्ट लपला तो तिथे.

आणि शेवट नीट आठवा. शेवटी भुतं दोन आहेत. रोझी सुर्जनला बुडण्यापासून वाचवते, तो घरी येतो आणि फ्रेनीच्या हातून आलेलं करणचं पत्र वाचतो. मेलेला मुलगा बापाला पत्र लिहितो! इथे 'फसवलं' म्हणणारा मला आजवर एकही भेटलेला नाही. तेव्हा थिएटरात नाक ओढल्याचे आवाज येत होते, त्यातला एक माझा होता. एकाच पिक्चरमध्ये, काही मिनिटांच्या अंतराने, इन्स्पेक्टरच्या मुलाचं भूत काळजाला भिडतं आणि धंदेवालीचं भूत लेखकाची चोरी ठरतं. मग आक्षेप भुताला आहे असं कसं म्हणता?

त्याच वर्षी मार्चमध्ये 'कहानी' आला होता. विद्या बागची दोन तास आपल्याशी खोटं बोलते, पोटही खोटं असतं, आणि आपण टाळ्या वाजवतो. मान्य, तिथे भूत नाही, सगळं शक्यतेच्या चौकटीत बसतं. पण ती नवऱ्याचा बदला घेणारी बायको होती हेही विसरू नका. नवऱ्यासाठी बोललेलं खोटं आपल्याकडे हुशारी ठरतं. रोझी स्वतःसाठी आली होती. तिच्यामागे ना नवरा, ना मूल, ना तक्रार नोंदवायला कोणी.

कारण तिची गोष्ट काय आहे? तीन मित्र तिला गाडीत घेऊन निघतात. ती आणि निखिल नावाचा मित्र चालत्या गाडीतून बाहेर पडतात. बाकीचे दोघे निखिलला उचलतात आणि हिला रस्त्यावर तशीच सोडून जातात. एकाच अपघातातली दोन माणसं, एक उचलण्यासारखा, दुसरी नाही. तिच्या नावाने ना गुन्हा नोंदला जातो ना कोणी शोध घेतं. माझ्या मते हाच पिक्चरचा गाभा आहे, आणि ज्याला शेवट कच्चा वाटतो त्याने हा प्रसंग 'बॅकस्टोरी' म्हणून पुढे ढकललेला असतो.

हे काही हवेतलं नाही. १९९९मध्ये कोलकात्यात एका सेक्स वर्करचा खून झाला. त्या खटल्याचं, बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणाचं, अपील २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं, तेव्हा कोर्टाला मुद्दाम लिहावं लागलं की या बाईलाही कलम २१खाली जगण्याचा हक्क आहे. पुढे १९ मे २०२२च्या आदेशात पोलिसांना सांगावं लागलं की त्यांच्याशी सन्मानाने वागा. 'तलाश' या दोन तारखांच्या मधला पिक्चर आहे. आणि आपल्याजवळचं बघायचं तर नागपूरची गंगा-जमुना. ऑगस्ट २०२१मध्ये पोलिसांनी त्या वस्तीची नाकेबंदी केली, बायका रस्त्यावर उतरल्या. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल एका ओळीत लागला, 'बरं झालं, साफ झालं.' त्या बायका उद्यापासून काय खाणार, हे विचारणारा मेसेज कोणी टाकला नाही. मीही नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मित्रांचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. त्यांचं म्हणणं, आधीच लोक भुताखेतांत अडकलेले, त्यात आमिर खानसारखा माणूस हे दाखवतो. त्याच ऑगस्ट २०२१मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं होतं, त्यात बायका होत्या, म्हातारी माणसं होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा, म्हणजे कायदा असताना. पण वणी खुर्दमध्ये चौकाने जिवंत माणसांना माणसातून बाहेर काढलं. 'तलाश' नेमकं उलटं करतो, माणसातून बाहेर काढलेल्या बाईची हाडं उकरून तिचे अंत्यसंस्कार करायला लावतो. दोन्हीकडे 'भूत' शब्द आहे म्हणून दोन्ही एकच होत नाहीत.

झाडीपट्टीचं नाटक पाहत वाढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट खटकते. वडसा-देसाईगंजकडून निघणाऱ्या कंपन्यांची नाटकं, दिवाळीनंतरचा मोसम, रात्रभर मंडपात अख्खं गाव. नाचणारी किंवा 'वाईट चालीची' बाई आली की शिट्या पडायच्या, आणि पहाटेकडे ती मेली की त्याच शिट्या मारणाऱ्यांचे डोळे भरायचे. ढोंग होतं ते, कबूल. बाई मेल्याशिवाय तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचंच नाही असा नियम. शहरातल्या जाणत्या प्रेक्षकाने तेवढाही नियम ठेवला नाही, त्याने तिच्या मरणाचं रूपांतर थेट प्लॉटमधल्या चुकीत केलं.

पिक्चर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मोहननच्या कॅमेऱ्यातली निऑन दिव्यांची मुंबई इतकी देखणी आहे की त्या गल्लीत वास येत असेल हे विसरायला होतं. रोझी मेल्यानंतरही सुंदर आणि समजूतदार राहते, सुर्जनचं दुःख हलकं करणं हेच तिचं मोठं काम. रागवायचं तर यावर रागवा ना. धंदेवालीला न्याय मिळायला तिने आधी मरावं लागतं आणि मग हिरोचं भलं करावं लागतं, यावर भांडा. त्या भांडणात मी तुमच्या बाजूने असेन.

यंदा दिवाळीत घरी आईबरोबर पुन्हा बघितला. भूत निघालं तेव्हा ती काहीच बोलली नाही, पत्राच्या वेळी डोळे पुसले. मग पिक्चरमधल्या मल्लिकाबद्दल विचारलं, तैमूर जिला घेऊन पळून जाणार असतो ती. इतक्या वर्षांत इतक्या जणांशी भांडलो, पण मल्लिकाचं नाव कोणीच काढलं नव्हतं. तीही त्याच धंद्यातली, फक्त जिवंत.

"मंग त्या दुसऱ्या पोरीचं काय झालं?" आईने विचारलं.

मी रिमोट घेऊन मागे नेऊन बघायला लागलो.