अर्धा लिटर पाण्याची वरात

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट किंवा देवळीकडच्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरकडे तासभर बसा. “डॉक्टरसाहेब, लयच कमजोरी आली, एक बाटली लावून द्या ना,” हे कानावर येणारच. डॉक्टरही सहसा नाही म्हणत नाहीत. म्हटलं, तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो.

ती बाटली जरा जवळून बघा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये साखर २५ ग्रॅम. नॉर्मल सलाईन असेल तर मीठ साडेचार ग्रॅम. बाकी सगळं पाणी. ज्याला तोंडाने पिता येतं, त्याच्यासाठी हे पाणी कारखान्यात निर्जंतुक होतं, प्लास्टिकमध्ये भरलं जातं, ट्रकमधून वाजतगाजत येतं. मग नळी आणि सुई कचऱ्यात. त्या कचऱ्याची गाडी वेगळी, विल्हेवाट वेगळी. ओआरएसच्या पुडीत मात्र प्रवास फक्त साखर-क्षारांचा. पाणी घरचं, उकळून गार केलेलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी असंच द्रावण पाजून कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले.

बाटलीच्या या सगळ्या खटाटोपात कार्बनही सुटतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनातला सुमारे ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे, असं २०१९ चा एक जागतिक अहवाल सांगतो. त्यातला मोठा भाग औषधं आणि साहित्य तयार करण्यात व पोहोचवण्यात जातो. म्हणून दवाखान्याच्या छतावर सोलर बसवणं चांगलंच, पण जास्त कार्बन डॉक्टरांच्या चिठ्ठीत असतो.

दम्याचा फवाऱ्याचा पंप घ्या. त्यातला वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरतो. कॅप्सूल घालून ओढायच्या रोटाहेलरमध्ये हा वायूच नसतो. लहान मुलांना आणि जोराचा झटका आलेल्यांना फवाराच हवा, आणि आपल्या मनाने कुणी पंप बदलू नये. पण इतरांच्या बाबतीत डॉक्टरांनी विचार करायला काय हरकत आहे?

तीच गोष्ट खेपांची. बीपी-शुगर आटोक्यात असलेल्या म्हाताऱ्याला आष्टी-कारंजाहून दर महिन्याला वर्ध्याला का बोलवायचं? गोळ्या तीन महिन्यांच्या द्याव्या, बीपी गावातच मोजावं. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. डॉक्टरने गावाकडे जायचं, ही रीत या जिल्ह्याला नवी नाही.

कुणी म्हणेल, वर्ध्याच्या माणसाचा कार्बन तो केवढा? खरंय, श्रीमंत देशांपुढे काहीच नाही. पण इथे जो कार्बन वाचवता येईल, त्याचे पैसे पेशंटच्या खिशातूनच जात असतात. नको असलेली बाटली, नको असलेलं इंजेक्शन, बुडालेली मजुरी.

मग अडतं कुठे? फीमध्ये. बाटलीचे पैसे बिनबोभाट देणारे आपण, “नुसतं तपासलं, दिलं काहीच नाही” म्हणून सल्ल्याची फी देताना कुरकुरतो. अशा गावात डॉक्टरने बाटली लावू नये तर खावं काय? आधी तपासणीचे आणि समजावून सांगण्याचे पैसे द्यायला शिकू. त्यानंतर डॉक्टरांना जाब विचारायचा हक्क आपला.