अंड्याविना, यीस्टविना

पनवेलनजीक गाढी नदीकाठच्या नेरे गावातील एका व्यापारी कुटुंबात दहा वर्षांच्या नातीने प्रश्न केला, “आजी, बेकरीच्या पाकिटावर हिरवे चिन्ह आहे, मग आपण ते का घेत नाही?” मैत्रिणीचा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. “आपल्यात चालत नाही” एवढे म्हणून आजींना विषय मिटवता आला असता. परंतु न समजलेला नियम घराबाहेर फार काळ टिकत नाही, हे त्या जाणून होत्या.

त्यांनी नातीला समजावले की, हिरवे चिन्ह मांस व अंडे नसल्याची ग्वाही देते. यीस्ट, कांदा, लसूण यांविषयी ते काहीच सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादी वाचावी लागते. मग दोघींनी घरीच स्कोन करायचे ठरवले.

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा, पूर्वी लोखंडी तव्यावर भाजला जाणारा पदार्थ. आज तो बेकिंग पावडरने फुलतो. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये ही पावडर तयार केली, ती पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. एका घरातील पथ्यातून निघालेली ही वाट दुसऱ्या घरातील आचारालाही उपयोगी पडली!

कृती सोपी आहे. २५० ग्रॅम मैदा चाळून त्यात ३ लहान चमचे बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ मिसळावे. ६० ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून मिश्रण रव्यासारखे करावे. तापवून थंड केलेले सुमारे १२५ मिलिलिटर दूध घालून हलक्या हाताने गोळा करावा. मळल्यास स्कोन चिवट होतात. दोन सेंटिमीटर जाड थापून वाटीने गोल कापावेत. ओलावा लागताच पावडरीतून वायू सुटू लागतो, म्हणून विलंब न करता २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटे भाजावेत.

गोड प्रकारात दोन मोठे चमचे साखर, वेलची, केशर किंवा चिरलेला खजूर घालावा. तिखटात साखर वगळून ओवा, जिरे, मिरी घालावी. ओल्या आल्याऐवजी सुंठ वापरावी. कोथिंबीर पर्वतिथीला वगळावी. बेसन मिसळायचे झाल्यास द्विदलाचा दोष टाळण्यासाठी दूध-दही न घेता पाणी घ्यावे.

स्कोनची खरी गोडी त्याच दिवसाची. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. वासी न खाण्याचा आपला नियम येथे जिभेलाही पटतो.

वाढदिवसाला नात दोन्ही प्रकारांचा डबा घेऊन गेली आणि सूर्यास्तापूर्वी परतली. डबा रिकामा होता. “तुमच्यात काय काय चालत नाही?” असे त्या दिवशी तिला कोणी विचारले नाही. “हे कसे केलेस?” एवढेच सर्वांनी विचारले, आणि तिला ते नीट सांगता आले.