झेलीचा गुरुवार

१२ जुलै हा ख्रिस्तसभेच्या पंचांगात लुई आणि झेली मार्तां या फ्रेंच नवराबायकोचा सण. ऑक्टोबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. नवराबायकोने जोडीने संत होण्याची अलीकडच्या काळातली ही पहिलीच वेळ. लिझ्यूच्या संत तेरेजाचे हे आईबाप. त्याच तेरेजाला १९२७ मध्ये गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती ठरवले गेले. सायबाने अर्धे जग पालथे घातले, हिने कार्मेल मठात शिरल्यावर पुन्हा उंबरा ओलांडला नाही, तरी मान सारखाच. पण आज तिच्याबद्दल नाही, तिच्या आईबद्दल लिहायचे आहे.

झेलीचे जे चित्र भाविकांपुढे ठेवले जाते ते आपल्या चांगलेच ओळखीचे आहे. पहाटे साडेपाचची मिस्सा न चुकवणारी, नऊ बाळंतपणे सोसलेली, चार लेकरे पुरलेली, कर्करोगाने पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेली, आणि उरलेल्या पाचही मुली देवाला वाहिलेली माउली. यातला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त या चित्रात गुरुवार नाही.

दर गुरुवारी झेलीच्या दारी कामकरणी यायच्या. घरी बसून विणलेले लेसचे तुकडे द्यायच्या, नवे काम घेऊन जायच्या. नॉर्मंडीतले आलांसों हे गाव सुईने विणलेल्या लेससाठी नावाजलेले. चर्मपत्रावर नक्षी टोचायची, तिच्यावर धाग्याने रेघ धरायची, मग जाळी, मग भरण. शेवटी पात्याने लेस चर्मपत्रापासून सोडवायची आणि शेवंडाच्या नांगीने घासून तिला चकाकी आणायची. एक चौरस सेंटिमीटर लेसला सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. वेगवेगळ्या बायकांनी केलेले तुकडे सांधा दिसू न देता एकमेकांना जोडणे हे यातले फार नजाकतीचे काम, आणि ते झेली स्वतः करायची.

हा धंदा तिने १८५३ च्या सुमारास, लग्नाआधी पाच वर्षे, एकविशी-बाविशीत उभा केला. खरे तर तिला सिस्टर व्हायचे होते, पण मठाने घेतले नाही. लुईचीही कथा तीच. त्यामुळे १८५८ मध्ये लग्न झाल्यावर दोघे दहा महिने भावंडांसारखी राहिली आणि अखेर एका धर्मगुरूनेच त्यांना संसाराला लावले! पुढे धंदा इतका वाढला की १८७० मध्ये लुईने आपले घड्याळाचे चालते दुकान भाच्याला विकले आणि तो बायकोच्या व्यवसायात उतरला. पॅरिसला जाऊन मागण्या आणणे, हिशेब बघणे ही कामे त्याने घेतली. आजही बायकोचा जम बसला म्हणून स्वतःचे दुकान मोडणारा नवरा शोधायला कंदील घ्यावा लागेल. मात्र व्यवसाय चालला तो लुईच्याच नावावर. नेपोलियनच्या संहितेप्रमाणे नवऱ्याच्या संमतीशिवाय विवाहितेला व्यापार करता येत नव्हता. नाव कोणाचे आणि बोटे कोणाची हे तेव्हाच ठरून गेले होते. नंतरच्या भक्तांनी तोच कित्ता गिरवला, एवढेच.

झेलीची दोनशेहून अधिक पत्रे उरली आहेत. ती वाचली की मूकपणे सोसणाऱ्या माउलीचे चित्र टिकत नाही. ही बाई कुरकुरते. मागण्या फार आल्या की लेसच्या नावाने बोटे मोडते, कमी आल्या की कामकरणींना काय द्यायचे म्हणून झुरते. खिडकीशी बसून लेस जोडताना वाटते तसे सुख दुसरीकडे नाही, असेही तीच लिहिते. १८६५ मध्ये छातीतल्या गाठीबद्दल तिने औषधविक्रेत्या भावाला कळवले होते. पुढची अकरा वर्षे ती गाठ बाळंतपणे, मुलांची आजारपणे आणि मागण्यांच्या तारखा यांच्या खाली दबून राहिली. १८७६ च्या डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितले, आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. याला त्याग म्हणावे की बाईच्या दुखण्याला घरात कायमच शेवटचा नंबर मिळतो असे म्हणावे, हे वाचणाऱ्याने ठरवावे. मला दुसरे जास्त पटते.

तिची सेवाही नुसती मऊ नव्हती. सिस्टरांसारखा पोशाख घालून मिरवणाऱ्या दोन बायकांनी एका आठ वर्षांच्या पोरीला शिकवण्याच्या नावाखाली ठेवून घेतले होते. पोर उपाशी, मार खाणारी. झेलीने तिला गुपचूप खाऊपिऊ घातले आणि वर प्रकरण पोलीस कमिशनरपर्यंत नेले. झगा बघून हात जोडण्याची सवय असलेल्या समाजात झग्यावर बोट दाखवायला धर्मनिष्ठ बाईच लागते, कारण खरा झगा कसा असतो ते तिला ठाऊक असते.

आणि तिच्या स्वतःच्या घरात? तिसरी मुलगी लेओनी हट्टी, अभ्यासात मागे, शाळेतून परत पाठवलेली. आईने तिच्यासाठी नवस केले, नोव्हेना केल्या, पत्रांतून जीव टाकला. पोर ऐकत होती ती फक्त मोलकरणीचे. याचे कारण १८७७ मध्ये, झेलीच्या मरणाआधी काही महिने, थोरल्या मेरीच्या लक्षात आले. मोलकरणीने लेओनीला धाकदपटशाने आपल्या मुठीत ठेवले होते, आणि हे बरीच वर्षे चालले होते. परक्या पोरीचे हाल जिला दिसले, तिला आपल्या छपराखालचे दिसले नाहीत. भक्तिपर पुस्तके हा भाग ओझरता सांगतात. माझ्या मते झेलीवर लिहायचे तर इथेच थांबून लिहावे. घरात कामाचा डोंगर आणि पोरे मोलकरणीच्या हाती, हे आज वसईतल्या, वांद्र्याच्या, मडगावच्या किती घरांत चालले आहे! नोकरी करणाऱ्या आईला प्रवचनातून ‘झेलीसारखी हो’ असे सांगणाऱ्यांनी झेलीचे हे वर्षही सांगावे. मग त्या आईला निदान एवढे कळेल की संतांच्या घरीही हे घडले होते, आणि कळल्यावर झेलीने मोलकरणीचा लेओनीवरचा ताबा काढून घेतला आणि मुलीला स्वतःच्या जवळ ओढले.

१८७७ च्या जूनमध्ये झेली तीन थोरल्या मुलींना घेऊन लुर्दला गेली. गाठ बरी झाली नाही. २८ ऑगस्टला ती वारली. लेओनीला आईचे उणेपुरे काही महिनेच मिळाले. पुढे मठात राहण्याचे तिचे तीन प्रयत्न फसले. चौथ्यांदा, १८९९ मध्ये, ती कां शहरातल्या मठात गेली आणि १९४१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. २०१५ मध्ये, आईवडील संत झाले त्याच वर्षी, तिच्याही संतपदाची चौकशी ख्रिस्तसभेने सुरू केली.