बायोत काय लिहायचं?

आपल्या होस्टेलवर इन्स्टाच्या बायोत निम्मी पोरं 'ड्रीमर' नाहीतर 'फ्यूचर सीईओ' आहेत. (केटी लागलेलेसुद्धा!) जागा १५० अक्षरांची, ती विशेषणांत का घालवायची? वाईत राहून मराठी विश्वकोश घडवणाऱ्या लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नावाआधीचं 'तर्कतीर्थ' हे विशेषण नव्हे. १९२३ साली कलकत्त्याला मिळवलेली पदवी आहे ती. विश्वकोशातली चरित्रनोंदही तशीच: नाव, तारखा, मग थेट काम. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तरी अशी नोंद कळते. प्लेसमेंटला कंपनीवाले प्रोफाइल उघडून बघतात, सीनियर्सना विचारा. 'टेक एन्थुझिअ‍ॅस्ट' काढा. 'मेकॅनिकल, तिसरं वर्ष. पंपाचं मॉडेल केलं. गाव मेढा' एवढं लिहा. आणि गावाचं नाव लिहायला लाजता कशाला?